इलेक्ट्रॉनीय दोषशोधनाची उपकरणे : निवड व वापर यांचा इतिहास

बिघडलेल्या इलेक्ट्रॉनीय मंडलात दोष नेमका कोणत्या घटकात अथवा जोडणीत आहे हे ठरविण्यासाठी जी मापके, दर्शके व संदेशनिर्माते वापरले जातात, त्यांना दोषशोधनाची उपकरणे म्हणतात. प्रयोगशाळेतील मापन व दोषशोधन यांत हेतूचा फरक आहे. प्रयोगशाळेत राशीचे मूल्य शक्य तितक्या अचूकतेने हवे असते. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र अमुक बिंदूपाशी विद्युत् दाब असावयास हवा तेवढा आहे की नाही, एवढेच बहुधा जाणून घ्यावयाचे असते. ५ टक्क्यांची चूक त्याला चालते. परंतु निर्दोष घटकावर ठपका ठेवणारे वाचन चालत नाही. अशी फसवी वाचने मापक सदोष असल्यामुळे क्वचितच मिळतात. मंडलाला जोडलेला मापक जोडलेला असेतोवर त्या मंडलाचाच एक घटक बनतो, त्यातून थोडा का होईना प्रवाह ओढतो आणि जे मोजावयाचे तेच बदलून टाकतो. या उपकरणांचा इतिहास हा बऱ्याच अंशी हा हस्तक्षेप कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे, आणि उपकरणाची निवडही मुख्यतः याच कसोटीवर करावी लागते.

तारायंत्राचा काळ : विद्युत् प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते हे एच्. सी. अर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले. त्याच वर्षी योहान श्वायगर यांनी तारेचे अनेक वेढे घेऊन हा परिणाम वाढविला आणि गॅल्व्हानोमीटर अस्तित्वात आला. रोधाचा नियम गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तथापि दोषशोधनाची खरी निकड निर्माण केली ती तारायंत्राने. जमिनीखालून किंवा समुद्रतळावरून गेलेली तार बिघडली, तर बिघाड डोळ्यांना दिसत नाही. तो टोकापाशी बसून मोजमापानेच हुडकावा लागतो.

१८५८ सालची अटलांटिक महासागरातील केबल हे याचे पहिले मोठे उदाहरण होय. या केबलीचे विद्युत् विभागप्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस हे पेशाने शल्यवैद्य होते. संदेश क्षीण येतो तर दाब वाढवावा, या समजुतीने त्यांनी प्रवर्तन वेटोळ्यांच्या साहाय्याने सु. २,००० व्होल्ट दाब केबलीवर लावला. आधीच सदोष असलेले निरोधक आवरण त्यापुढे टिकले नाही व काही आठवड्यांतच केबल निकामी झाली. याच केबलीवर विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांचा आरसा-गॅल्व्हानोमीटर अत्यल्प प्रवाहातही संदेश वाचू शकत होता. सूक्ष्मग्राही मापक वापरावा की मंडलावर अधिक जोर लावावा, या वादाचा निकाल अशा रीतीने बराच खर्च होऊन लागला.

दोषस्थान काढण्याची सोपी रीत अशी : तारेचा दर मैलास रोध ठाऊक असतो, बिघाडाच्या ठिकाणी तार समुद्राच्या पाण्याला भिडलेली असेल, तर टोकापासून तेथपर्यंतचा रोध मोजून अंतर काढावे. व्यवहारात हे साधत नसे, कारण बिघाडाच्या जागेलाही स्वतःचा रोध असतो आणि तेथे होणाऱ्या विद्युत् विच्छेदनामुळे तो मोजणीच्या प्रवाहानेच बदलत राहतो. त्यावर उपाय सापडला तो सेतू पद्धतीत. सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये वर्णिलेली व चार्ल्स व्हीट्‌स्टन यांनी १८४३ मध्ये प्रचारात आणलेली सेतूची जोडणी संतुलित झाली म्हणजे गॅल्व्हानोमीटरमधून प्रवाह वाहत नाही. बिघडलेली तार व एक चांगली तार दूरच्या टोकास जोडून मिळणारे वेटोळे सेतूच्या दोन भुजांच्या जागी घातले, की बिघाडाचा रोध विद्युत् घटाच्या वाटेवर येतो व संतुलनाच्या स्थितीवर त्याचा परिणाम होत नाही. मरी व व्हार्ली यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या वेटोळे-चाचण्या तारायंत्र व दूरध्वनी खात्यांत दीर्घकाळ वापरात राहिल्या. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली, तोपर्यंत केबल समुद्रात सोडली जात असतानाच तिची अखंड विद्युत् चाचणी घेत राहण्याची पद्धत रूढ झालेली होती.

काट्याचे मापक : सेतू पद्धत अचूक परंतु संथ आहे. दर वाचनास संतुलन साधावे लागते व त्याला सवयीचा हात लागतो. झाक आर्सेन द आर्सोन्व्हाल व मार्सेल देप्रे यांनी १८८२ मध्ये स्थिर चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणाऱ्या वेटोळ्याचा गॅल्व्हानोमीटर तयार केला. एडवर्ड वेस्टन यांनी त्याला काटा, स्प्रिंगा व समान अंतरावर खुणा असलेली पट्टी देऊन १८८८ मध्ये हातात धरून नेता येण्याजोगा व्होल्टमापक बाजारात आणला. तापमानानुसार रोध जवळजवळ न बदलणारी मँगॅनीन ही मिश्रधातूही त्यांचीच देणगी होय. आता पाहताक्षणी वाचन मिळू लागले. पण काटा हलविण्यास लागणारी ऊर्जा मंडलातूनच घ्यावी लागत असल्याने सेतूने टाळलेला हस्तक्षेप मागील दाराने परत आला. वीजघरातील मोठ्या प्रवाहांपुढे तो नगण्य होता, म्हणून काही दशके त्याची फिकीर कोणी केली नाही.

रेडिओने ही स्थिती पालटली. लंडनमध्ये ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते डोनल्ड मॅकॅडी यांना कामावर अँपिअरमापक, व्होल्टमापक व ओहममापक अशी तीन उपकरणे बाळगावी लागत. तिन्ही एकत्र करून त्यांनी सिद्ध केलेला मापक १९२३ मध्ये विक्रीस आला. अँपिअर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘अव्हो’ हे नाव मिळाले. पुढे अशा बहुमापकास मल्टिमीटर हे नाव सर्वत्र रूढ झाले. अव्होचा आठवा नमुना १९५१ मध्ये निघाला व सुधारणा होत होत २००८ पर्यंत तयार होत होता; मोजमापाच्या उपकरणास इतके दीर्घ आयुष्य लाभल्याची उदाहरणे थोडीच असतील.

रेडिओ ग्राहीत लाखो ओहम रोधाच्या वाटेने अत्यल्प प्रवाह वाहतात. अशा मंडलास मापक जोडला असता काय घडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १०० व्होल्टच्या दाबावर प्रत्येकी १० लक्ष ओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडले आहेत असे समजू. मधल्या बिंदूपाशी ५० व्होल्ट असणार हे उघड आहे. आता १०० व्होल्टच्या पट्टीवर ठेवलेला, दर व्होल्टास १,००० ओहम संवेदनशीलतेचा मापक तेथे लावला, तर त्याचा स्वतःचा रोध १ लक्ष ओहम असल्याने काटा सु. ८·३ व्होल्ट दाखवील. दर व्होल्टास २०,००० ओहम असलेला मापक ४० व्होल्ट दाखवील. १ कोटी १० लक्ष ओहमचा इलेक्ट्रॉन नलिका व्होल्टमापक ४७·८ व्होल्ट दाखवील. तिन्ही मापके निर्दोष आहेत आणि तिन्ही खरे बोलत आहेत. मापक जोडल्यावर त्या बिंदूपाशी दाब खरोखरच तेवढा उरतो. पहिले वाचन पाहून जो रोधक बदलावयास निघेल, तो ग्राहकाचे पैसे व स्वतःचा दिवस दोन्ही वाया घालवील.

या अडचणीतून एक चमत्कारिक संकेत रूढ झाला. रेडिओ उत्पादकांच्या सेवा-पत्रिकांत निरनिराळ्या बिंदूंपाशी अपेक्षित असलेल्या दाबांबरोबर, ते कोणत्या संवेदनशीलतेच्या मापकाने घेतले आहेत, हेही अनेकदा छापलेले असे. त्यामुळे जुन्या पत्रिकेशी ताडून पाहताना अधिक चांगला मापक वापरला, तर निर्दोष ग्राहीही सदोष भासतो. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी ही तळटीप आधी वाचावी हे बरे.

इलेक्ट्रॉन नलिकेच्या जालकाग्राकडे प्रवाह जवळजवळ जात नाही, या गुणाचा उपयोग करून ई. बी. मूलिन यांनी केंब्रिज येथे १९२२ मध्ये नलिका व्होल्टमापक तयार केला. येथे काटा हलविण्याची ऊर्जा मापकाच्या स्वतःच्या पुरवठ्यातून येते. मंडलाने फक्त इशारा द्यावयाचा असतो. ही कल्पना मूलगामी होती. नंतरची बहुतेक सर्व उपकरणे तिच्यावरच उभी आहेत. मात्र नलिका तापेपर्यंत थांबावे लागे व काट्याचे शून्य वरचेवर सरके, म्हणून दुरुस्तीच्या पिशवीत साधा मल्टिमीटर टिकून राहिला.

संदेश सोडणे व मागोवा घेणे : दाब मोजून प्रत्येक दोष सापडत नाही. १९३० नंतरच्या दशकात ग्राहीत बाहेरून संदेश सोडून तो कोणत्या टप्प्यापाशी नाहीसा होतो हे पाहण्याची रीत रुजली. ध्वनिक्षेपकाकडून मागे मागे येत, आधी श्राव्य कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचा), मग मध्य कंप्रतेचा (बहुधा ४५५ किलोहर्ट्‌झचा) व शेवटी आकाशकाच्या कंप्रतेचा संदेश द्यावयाचा, असा हा क्रम असतो. प्रत्येक वेळी मंडलाच्या मध्यावर चाचणी घेतल्यास आठ टप्प्यांतील दोष तीन चाचण्यांत सापडतो. विल्यम ह्यूलेट यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस साध्या विजेच्या दिव्याच्या तंतूने परमप्रसर स्थिर ठेवणारा श्राव्य कंप्रतेचा आंदोलक बनविला व त्याच्या भांडवलावर डेव्हिड पॅकर्ड यांच्याबरोबर १९३९ मध्ये कंपनी काढली. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपटनिर्मिती संस्थेने या प्रकारचे आठ आंदोलक ‘फँटेझिया’ (१९४०) या चित्रपटाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी घेतले होते.

ज्यांच्यापाशी असा आंदोलक नसे त्यांनी स्वतःच्या शरीराचा उपयोग केला. आवाज कमीजास्त करण्याच्या नियंत्रकाच्या मधल्या टोकास पेचकसाच्या पात्याने स्पर्श केला, की घरातील विजेच्या तारांमुळे शरीरावर प्रवर्तित झालेला दाब ध्वनिक्षेपकातून गुणगुण उत्पन्न करतो. गुणगुण ऐकू आली तर पुढचा विवर्धक ठीक आहे. फुकटातली ही चाचणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यात धोका केव्हा असतो हे पुढे सांगितले आहे.

ऑसिलोस्कोप : मापकाचा काटा एक आकडा देतो, ऑसिलोस्कोप अथवा दोलनदर्शक आकृती देतो. कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांनी १८९७ मध्ये स्ट्रॅसबर्ग येथे ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर प्रवाहातील बदल दाखविला. त्यांचे सहकारी जोनाथन त्सेनेक यांनी १८९९ मध्ये आडव्या दिशेस कालाक्ष दिला. जे. बी. जॉन्सन यांनी १९२२ मध्ये तप्त तंतूची, कमी दाबावर चालणारी नलिका तयार केल्यावर हे उपकरण प्रयोगशाळेबाहेर पडू शकले. तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक दोलनदर्शकांत आडवे सरकणे स्वतःच्या गतीने चालू राही व ते संदेशाशी जुळवून घ्यावे लागे. आकृती दिसे, पण काळ मोजता येत नसे.

रडारमुळे सूक्ष्म काळ मोजण्याची गरज भासली. युद्धकाळात रडारवर काम केलेले हॉवर्ड व्होलम व त्यांचे भागीदार जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे टेक्ट्रॉनिक्स कंपनी स्थापन केली. त्यांचा ५११ क्रमांकाचा दोलनदर्शक १९४७ मध्ये विकला जाऊ लागला. त्यात संदेश ठराविक पातळीस पोहोचताच कालाक्ष सुरू होई व पट्टीवर सेकंदाचे अंश थेट वाचता येत. त्याची कंप्रता मर्यादा १० मेगाहर्ट्‌झ व किंमत ७९५ डॉलर होती.

दोलनदर्शकाची निवड करताना ही कंप्रता मर्यादा सर्वांत आधी पाहावी लागते. १० मेगाहर्ट्‌झचा दर्शक ३५ नॅनोसेकंदांपेक्षा (१ नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश) जलद चढणारी कड तितकीच मंद करून दाखवितो. नेमक्या मर्यादेवरील ज्या-तरंगाची उंची सु. ३० टक्के कमी दिसते. म्हणून संदेशाच्या सर्वोच्च उपयुक्त कंप्रतेच्या किमान पाचपट मर्यादा असावी, असा ठोकताळा आहे.

हस्तक्षेपाचा प्रश्न येथे वेगळ्या रूपात पुन्हा भेटतो. दोलनदर्शकाच्या कपाळी १० लक्ष ओहम असे लिहिलेले असते व ते वाचून नवशिका निर्धास्त होतो. परंतु साध्या परिरक्षित तारेने जोडणी केल्यास तारेची व उपकरणाची मिळून धारकता सु. १०० पिकोफॅराड होते आणि १० मेगाहर्ट्‌झला तिचा संरोध अवघा १६० ओहम असतो. अशी तार लावताच आंदोलक बंद पडतो, किंवा काही वेळा बंद असलेला सुरू होतो व दुरुस्त झाल्याचा भास होतो. यासाठी संदेशाचा दहावा भागच पुढे पाठविणारी एषणी (स्पर्शाग्र असलेली जोडतार) वापरतात. तिची धारकता १२ पिकोफॅराडच्या आसपास असते व त्याच कंप्रतेस संरोध सु. १,३०० ओहम मिळतो. एषणीतील लहान धारित्र चौकोनी तरंगावर जुळवून घ्यावा लागतो. तो न जुळविता घेतलेल्या आकृत्यांवरून निर्दोष विवर्धकाला नावे ठेवली जातात.

अंकीय मापके : अँड्रू के यांच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कंपनीने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंकांत वाचन देणारा व्होल्टमापक बनविला. त्यात पायरीपायरीने फिरणारे स्विच संतुलन साधीत. म्हणजे सेतूच्या जुन्या शून्य पद्धतीचेच ते यांत्रिक रूप होते. १९७७ मध्ये फ्लूक कंपनीचा ८०२०ए हा हातात मावणारा मापक आला व १ कोटी ओहम अंतर्गत रोध सामान्य तंत्रज्ञाच्या खिशाला परवडू लागला.

हस्तक्षेप जवळजवळ संपला, तेव्हा उलट बाजूची अडचण पुढे आली. घरातील वायरिंगमध्ये तोडून टाकलेली तार चालू तारेशेजारून जात असेल, तर दोहोंमधील धारकतेमुळे अंकीय मापक तिच्यावर दहावीस, कधी शंभरावर व्होल्टही दाखवितो. दिवा लावून पाहिल्यास काहीच पेटत नाही. अशा ठिकाणी प्रवाह ओढणारा जुना काट्याचा मापक किंवा चाचणीचा दिवा अधिक विश्वसनीय उत्तर देतो. हळूहळू कमीजास्त होणारा दाब पाहण्यासही काटाच बरा. सतत बदलणारे अंक डोळ्याला काही सांगत नाहीत. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. स्वस्त मापके प्रत्यावर्ती दाबाची सरासरी घेऊन तिला १·११ ने गुणतात. ज्या-तरंगासाठी हे बरोबर आहे, परंतु चौकोनी तरंगास ती ११ टक्के जास्त दाखवितात व दिवे मंद करणाऱ्या थायरिस्टर मंडलांवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. तेथे वर्ग-माध्य-मूळ मूल्य प्रत्यक्ष काढणारा मापक हवा.

सूक्ष्मप्रक्रियकांच्या मंडलात शेकडो बिंदू एकाच वेळी बदलत असतात. त्यांच्यासाठी ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीने १९७३ मध्ये तार्किक विश्लेषक व १९७७ मध्ये ‘स्वाक्षरी विश्लेषक’ आणला. दुसऱ्या उपकरणात ठराविक कालावधीतील सर्व ० व १ यांचे चार अक्षरांच्या खुणेत रूपांतर होई. आराखड्यावर छापलेली खूण जुळली की तो बिंदू निर्दोष समजावा. पुढे संकलित मंडलांचे पाय इतके जवळ आले, की एषणी टेकविण्यास जागाच उरली नाही. १९८५ मध्ये युरोपीय कंपन्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कामातून १९९० मध्ये असे मानक निघाले, की ज्यात चाचणीची यंत्रणा चकतीच्या आतच बसविलेली असते.

महाराष्ट्रातील वापर : मुंबईत नियमित रेडिओ प्रक्षेपण जुलै १९२७ मध्ये व दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रेडिओची दुरुस्ती मल्टिमीटरवर निभावत असे. दूरचित्रवाणी संचात समकालन स्पंद व रेषांचे संदेश पाहण्यास दोलनदर्शक व आकृतिनिर्माता यांची गरज भासू लागली. आयातीवरील निर्बंधांच्या काळात परदेशी उपकरणे दुर्मिळ होती. नाशिक येथील मोटवाने कंपनीचे मल्टिमीटर व ठाणे येथील ॲपलॅब कंपनीची उपकरणे त्यामुळे अनेक प्रशिक्षण संस्थांच्या व दुरुस्तीकारांच्या परिचयाची झाली. लहान दुकानांतून आणखी एक घरगुती साधन हमखास आढळते, ते म्हणजे सिरीज बोर्ड. संशयित संच सरळ विजेस न जोडता १०० वॅटच्या तंतूच्या दिव्यामार्फत जोडतात. संचात लघुमंडल असेल तर दिवा पूर्ण पेटतो, तंतूचा रोध वाढतो व संच जळण्यापासून वाचतो. या साध्या युक्तीची बरोबरी महागड्या उपकरणांनाही सहसा करता येत नाही.

सुरक्षितता : रोहित्र नसलेल्या जुन्या रेडिओंत व पुष्कळ दूरचित्रवाणी संचांत धातूचा सांगाडाच विजेच्या एका तारेस जोडलेला असतो. प्लग उलटा बसला, की सांगाड्यावर २३० व्होल्ट येतात. वर वर्णिलेली पेचकसाची चाचणी अशा संचावर जिवावर बेतू शकते. दोलनदर्शकाचा एक चिमटा अर्थिंगला जोडलेला असतो. तो अशा सांगाड्यास लावताच लघुमंडल होते. त्यावर तोड म्हणून दर्शकाच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची सवय काही ठिकाणी आढळते. ती घातक आहे, कारण मग दर्शकाचे सगळे खोकेच विद्युत् भारित होते. योग्य उपाय म्हणजे दुरुस्तीच्या संचाला विलगक रोहित्रातून वीज देणे. प्रवाहाच्या पट्टीवर राहिलेला मल्टिमीटर चुकून विजेच्या दोन तारांवर लावणे हाही नेहमीचा अपघात होय. त्या स्थितीत मापक म्हणजे केवळ तारेचा तुकडा असतो. मोठा प्रवाह तोडू शकणारी वितळतार आत नसेल तर तो हातातच फुटतो. मापकावर छापलेला २, ३ किंवा ४ हा वर्गक्रमांक येथे महत्त्वाचा आहे. तिसऱ्या वर्गाचा मापक वितरण फलकावर व चौथ्याचा इमारतीत येणाऱ्या मुख्य जोडणीवर वापरण्यायोग्य असतो. स्वस्त मापकाने घेतलेले दाबाचे वाचन पुष्कळदा अचूक असते, काटकसर केलेली असते ती या संरक्षणात.

स्विच पद्धतीचे वीजपुरवठे सार्वत्रिक झाल्यापासून सर्वाधिक बिघाड विद्युत् विच्छेद्य धारित्रांत होऊ लागले. २००० च्या सुमारास संगणकांच्या मुख्य पट्टिकांवरील असे सदोष धारित्र मोठ्या संख्येने फुगून निकामी झाले. धारकता मोजली असता असा धारित्र कित्येकदा ठीक भासतो, कारण वाढलेला असतो तो त्याचा अंतर्गत एकसरी रोध. हा रोध मोजणारा मापक सु. १०० किलोहर्ट्‌झचा संदेश वापरतो. त्या संदेशाचा दाब सिलिकॉन संधीस संवाहक करण्यास लागणाऱ्या सु. ०·६ व्होल्टपेक्षा पुष्कळच कमी ठेवलेला असतो. त्यामुळे शेजारचे डायोड व ट्रँझिस्टर जागे होत नाहीत आणि धारित्र पट्टिकेवरून न काढता तपासता येतो. मात्र त्याआधी तो भाररहित करावा लागतो, कारण २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या संचात वीज बंद केल्यानंतरही मुख्य धारित्रावर सु. ३२५ व्होल्ट दाब काही काळ टिकून राहू शकतो.